आकडा फुगवणाऱ्याला शाल, आकडा विचारणाऱ्याला धमकी

२६ जानेवारी २०१४ रोजी छत्तीसगढ सरकारने एका सरकारी सर्जनचा जाहीर सत्कार केला. पन्नास हजार कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया पार पाडल्याबद्दल. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला बिलासपूरजवळच्या पेंडारी गावी, बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत शिबिर भरले आणि त्याच सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली. १० नोव्हेंबरला गौरेला, पेंड्रा, मरवाही भागात आणखी शिबिरे झाली. दुसऱ्या तिसऱ्या दिवसापासून बायकांना उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, रक्तदाब उतरला. एकूण १३ जणी दगावल्या. बहुतेक विशीतिशीतल्या, मोलमजुरी करणाऱ्या, लहान लेकरांच्या आया. ऑपरेशनचा मोबदला म्हणून त्यांना सहाशे रुपये मिळाले होते.

आमच्या मते आरोग्य आणि शेती या विषयांवर शोधपत्रकारितेला पुरस्कार देण्याची जी चाल अलीकडे वाढली आहे, तिच्याबद्दल बोलताना हा सत्कार आधी आठवला पाहिजे. कारण पुरस्कार दोन्हीकडे आहेत. आकडा वाढवून दाखवणाऱ्यालाही पुरस्कार आहे, आणि आकडा खरा की खोटा असे विचारणाऱ्यालाही. फरक इतकाच, की पहिल्याला तो मिळतो तेव्हा त्याची बढतीही जवळ आलेली असते. दुसऱ्याला मिळतो तेव्हा बहुधा त्याला गाव सोडावे लागलेले असते.

केंद्र सरकारने कुटुंब नियोजनातील उद्दिष्टांची पद्धत १९९६ साली बंद केल्याचे जाहीर केले होते. कागदावर उद्दिष्ट नाही. पण खालच्या कर्मचाऱ्याला विचारा. नर्स, मितानिन, तालुका वैद्यकीय अधिकारी, सगळ्यांच्या डोक्यावर ‘अपेक्षित कामगिरी’ नावाचे तेच ओझे होते. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा जास्त ऑपरेशने करू नयेत असा सरकारचाच नियम. त्रेऐंशी हा आकडा त्या नियमाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. तो शिबिराच्या कागदात लिहिला जात होता तेव्हा कोणालाही अडवावेसे वाटले नाही, कारण वरच्याला हवा होता तो मोठाच आकडा. मेलेल्या बायकांत बैगा जमातीची एक स्त्री होती. बैगा ही संख्येने लहान जमात. तिची नसबंदी करू नये असा मध्य प्रदेश सरकारचा १९७९ पासूनचा आदेश होता.

पुढे काय झाले? सर्जनला अटक झाली. त्याने सांगितले, दोष माझा नाही, गोळ्यांचा आहे. गोळ्या रायपूरच्याच एका कारखान्यातल्या. त्या गोळ्यांत उंदीर मारायच्या औषधाचा अंश असल्याचे सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितले. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांचा आयोग बसला, २०१५ मध्ये अहवाल आला. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सरकारला बजावले. ही याचिका मुळात बिहारमधल्या अररियाच्या शिबिरावरची होती. तिथे २०१२ च्या जानेवारीत एका शाळेत ५३ बायकांची ऑपरेशने झाली होती. बिलासपूरच्या मृत्यूंची नोंद याच खटल्यात घेतली गेली. म्हणजे पेंडारीच्या पावणेतीन वर्षे आधी धोक्याची शिट्टी वाजली होती. छत्तीसगढमध्येही ती वाजली होती. २०११ साली बालोदच्या मोतीबिंदू शिबिरात डझनावारी माणसांचे डोळे गेले. २०१२ साली गरिबांच्या आरोग्य विम्याचे पैसे उकळण्यासाठी बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण रायपूरच्या वर्तमानपत्रांनी उचलून धरले, काही डॉक्टरांचे परवाने काही काळ निलंबित झाले. बातम्या छापून आल्या होत्या. सिग्नल लाल होता, गाडी थांबली नाही.

रेल्वेत आपण काम करतो म्हणून एक गोष्ट आपल्याला चटकन समजते. गाडीचा अपघात झाला, माणसे दगावली, की चौकशी रेल्वे संरक्षा आयुक्त करतो. हा आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा माणूस. १९४१ साली ही तपासणी यंत्रणा रेल्वे बोर्डापासून तोडून त्या वेळच्या डाक व हवाई खात्याकडे दिली गेली (आपल्या टपाल बंधूंना हे वाचून गंमत वाटेल). कारण साधे होते. जो गाड्या चालवतो त्यानेच अपघाताची चौकशी केली तर दोष नेहमी खालच्या माणसाच्याच गळ्यात पडणार. तरीही तो कितीदा ड्रायव्हर आणि पॉइंट्समनच्याच गळ्यात पडतो हे आपण जाणतो, आणि त्यावर आपल्या संघटनांनी वेळोवेळी लढा दिला आहे. पण निदान चौकशी करणारा बाहेरचा असतो. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बिलासपूरजवळ लालखदानला मेमू गाडी मालगाडीवर आदळली, तेव्हाही हीच रीत झाली. आरोग्य खात्यात अशी कायमची व्यवस्था कुठे आहे? तिथे खात्याचा संचालक खात्याची चौकशी करतो. फार आरडाओरडा झाला तर एक आयोग बसतो आणि अहवाल देऊन उठतो. म्हणून तिथे बाहेरचा चौकशी अधिकारी कोणी असेल तर तो वार्ताहर. त्याला पगार नाही, अधिकार नाही, सरकारी कागद पाहण्याचा हक्क नाही. जे काही आहे ते २००५ चा माहितीचा अधिकार आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर.

आता शेतीकडे येऊ. इथला आकडा वाढवलेला नाही, पुसलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पुस्तकात छत्तीसगढमधल्या शेतकरी आत्महत्या २००९ साली १,८०२ होत्या. २०१० साली १,१२६. आणि २०११ साली शून्य! २०१२ साली चार, २०१३ साली पुन्हा शून्य. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या या मुलखात एका वर्षात असे काय घडले की अकराशेचे शून्य झाले? विहिरींना पाणी आले नव्हते, सावकार देशोधडीला लागले नव्हते. बदलला होता तो फक्त पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीतला रकाना. कोणाला ‘इतर’ मध्ये टाकले, कोणाला ‘स्वयंरोजगार’ मध्ये. २०१४ साली विभागाने वर्गवारीच बदलली, तेव्हा छत्तीसगढचे आकडे पुन्हा शेकड्यांत दिसू लागले. ही लबाडी विरोधी पक्षाने उघड केली नाही. ती पकडली पत्रकारांनी, सरकारचीच पुस्तके वर्षानुवर्षे शेजारी शेजारी ठेवून.

यात सर्वात पुढे पी. साईनाथ. विदर्भातल्या वाचकाला त्यांची ओळख करून द्यायला नको. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका वृत्तपत्राची शिष्यवृत्ती घेऊन हा माणूस देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांतून फिरला. त्यात आमच्या शेजारचे नुआपाडा, कालाहंडी होते आणि आता छत्तीसगढमध्ये असलेले सरगुजाही. नुआपाड्याला जायचे तर रायपूरहून विजयनगरमची लाइन धरायची. त्याच लाइनीने त्या मुलखातली माणसे रायपूरला येऊन रिक्षा ओढत होती. साईनाथांनी तिथे जाऊन सरकारी संकरित बैलाची योजना तपासली. योजनेसाठी गावचे देशी बैल खच्ची केले गेले, कोट्यवधी खर्च झाले, आणि हाती आली ती थोडीफार वासरे. गावातली चांगली देशी जात मात्र संपत आली. त्या लेखांचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले आहे. युनियनच्या वाचनालयात ते नसेल तर असावे.

पुढे २००६ साली विदर्भ पेटला होता. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद ४,४५३ होती. त्याच वर्षी मुंबईत कपड्यांचे एक मोठे फॅशन प्रदर्शन झाले, सुती कपड्यांचे. ते टिपायला पाचशेवर पत्रकार नोंदवले गेले होते. आणि तो कापूस पिकवणारा जिथे मरत होता त्या विदर्भात राष्ट्रीय वृत्तपत्रांचे पत्रकार होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा हिशेब साईनाथांनीच मांडला. मदतीच्या वेळी तर आत्महत्येचीही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी होती. सातबारा बापाच्या नावावर असेल आणि मेला मुलगा, तर तो शेतकरी नव्हे. बाई मेली तर ती शेतकरी नव्हेच, कारण जमीन तिच्या नावावर कुठे असते? ‘पात्र’ ठरला तर घरच्यांना लाख रुपये, ‘अपात्र’ ठरला तर काही नाही. खात्यातल्या अपघाताच्या भरपाईसाठी विधवेला कशी फिरवाफिरव करतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भाषा नवीन वाटणार नाही.

साईनाथांना २००७ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो त्यांनी घेतला. पण २००९ साली भारत सरकारचा पद्मभूषण त्यांनी नाकारला आणि २०२१ साली आंध्र प्रदेश सरकारचा जीवनगौरवही. ज्या सरकारचा हिशेब तपासायचा त्या सरकारकडून पत्रकाराने बक्षीस घेऊ नये, ही त्यांची भूमिका. आम्हाला ती पटते. गार्डाने आपल्याच गाडीच्या वक्तशीरपणाचे प्रमाणपत्र ड्रायव्हरकडून घ्यावे आणि ड्रायव्हरने गार्डाकडून, असे चालत नाही. आणि वक्तशीरपणाचे म्हणाल तर शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे वेळापत्रकात मिनिटे भरून ठेवली की गाडी कशी ‘टायमावर’ येते, आणि मग विभागाला शील्ड कसे मिळते, हे आपण सगळे हसत हसत सांगतो. हे हसण्यावारी न्यायचे नाही. पन्नास हजारांचा सत्कार आणि वेळापत्रकात भरलेली मिनिटे एकाच झाडाची फळे आहेत.

छत्तीसगढ सरकारही पत्रकारांना पुरस्कार देते. एक चंदूलाल चंद्राकर यांच्या नावाने आहे, एक माधवराव सप्रे यांच्या नावाने. ज्यांना मिळाले त्यांच्यातले कित्येक जण चांगले काम करणारे आहेत, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सप्र्यांचे नाव घ्यायचे तर त्यांची कहाणीही सांगितली पाहिजे, आणि ती तर आपल्याच माणसांची. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. आज रायपूरच्या लाखेनगरातून जाणाऱ्या किती मराठी पोरांना हे ठाऊक आहे? मासिक तोट्यात तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. मग सप्र्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. १९२६ साली ते रायपुरातच वारले. त्यांना त्यांच्या सरकारने जे दिले ते शाल-श्रीफळ नव्हते. आणि ज्या पेंड्र्यातून ते पत्र निघाले, त्याच पेंड्र्याच्या परिसरात एकशे चौदा वर्षांनी ती दुसरी शिबिरे भरली.

आजच्या वार्ताहराची गत काय आहे? दिल्लीच्या समारंभात ज्याच्या हातात मानचिन्ह जाते तो बहुधा मोठ्या पत्राचा पगारी पत्रकार असतो. त्याच्याही कष्टाला आम्ही मान देतो. पण त्याला बातमीचा पहिला धागा देणारा तालुक्याचा वार्ताहर असतो. त्याला नेमणूकपत्र नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ओळखपत्र मिळाले तर नशीब. बातमीमागे मिळाले तर चार पैसे. उलट त्यानेच पत्राच्या एजन्सीचे पैसे भरायचे आणि दिवाळी, पंधरा ऑगस्टला जाहिराती आणून द्यायच्या. जाहिरात कोणाकडून? सरपंचाकडून, ठेकेदाराकडून, नर्सिंग होमच्या डॉक्टराकडून, कृषी केंद्राच्या मालकाकडून. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांच्याच दारात. असा माणूस तरीही लिहितो तेव्हा आम्ही त्याला सलाम करतो, कारण त्याच्यामागे आपल्यासारखी युनियन नाही.

रायपूरहून फार लांब नसलेल्या छुरा गावात २३ जानेवारी २०११ रोजी उमेश राजपूत या वार्ताहराला त्याच्या घरीच गोळ्या घालण्यात आल्या. बातम्या छापणे थांबवले नाही तर मरशील, अशा अर्थाची चिठ्ठी जवळ सापडली. त्याआधी त्याने वैद्यकीय हयगयीबद्दल बातमी दिली होती आणि आपल्याला धमकी आल्याची तक्रारही पोलिसांकडे केली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. खुनाचे कारण हेच होते असे आम्ही म्हणणार नाही, ते ठरवणे न्यायालयाचे काम. पण तपास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे द्यावा लागला, यातून स्थानिक तपासाची लायकी दिसते. मालिनी सुब्रमण्यम बस्तरमधून लिहीत होत्या. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांना जगदलपूरचे घर सोडावे लागले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. सातासमुद्रापलीकडे मान आणि जगदलपुरात राहायला घर नाही! आणि १ जानेवारी २०२५ रोजी विजापूरचा तरुण पत्रकार मुकेश चंद्राकर बेपत्ता झाला. दोन दिवसांनी त्याचे प्रेत एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत मिळाले. त्याने रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार दाखवला होता. पत्रकारांच्या संरक्षणाचे विधेयक छत्तीसगढ विधानसभेने मार्च २०२३ मध्ये मंजूर केले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर २०१७ मध्येच. विधेयकाने टाकीचे झाकण उघडत नाही.

यात कामगार कायद्याचाही भाग आहे. तो आपल्या पत्रात लिहिला नाही तर कोण लिहिणार? श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा होता. वेतन मंडळे होती. शेवटचे मजिठिया मंडळ. त्याच्या शिफारशी सरकारने २०११ मध्ये लागू केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या फेब्रुवारीत त्या उचलून धरल्या, आणि तरीही किती मालकांनी त्या पाळल्या हे पत्रकार मित्रांना विचारा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांत गडप झाला. ज्या संहितांविरुद्ध आपण संप केले, त्याच संहितांनी बातमीदाराच्या पायाखालची फळीही काढली आहे. तेव्हा पत्रकारांचा प्रश्न त्यांचा, आपला आपल्यापुरता, असे म्हणून आता भागणार नाही.

बातमीने काहीच होत नाही असे म्हणणारे साथी आमच्या शाखेतही आहेत. त्यांच्यासाठी बीडचे उदाहरण. एप्रिल २०१९ मध्ये एका इंग्रजी आर्थिक दैनिकात राधेश्याम जाधव यांनी लिहिले, की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण भलतेच वाढले आहे. कारण काय? ऊसतोडीला नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने राबून ती फेडायची. एक दिवस जरी कामाला आली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत अंग दुखते, फडात आडोसा नाही, पाणी नाही. मग गावच्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. वीसपंचवीस हजारांचे कर्ज होते, ते फेडायला पुन्हा ऊसतोड. शेतीचा प्रश्न कुठे संपतो आणि आरोग्याचा कुठे सुरू होतो, सांगा पाहू?

बातमी गाजली. विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,००० वर ऊसतोड बायकांना विचारले, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. ही ओरड नव्हे, सरकारी पाहणीचा आकडा. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय असे ऑपरेशन करायचे नाही असा दंडक झाला. एवढे घडले एका बातमीने. पण उचल तशीच आहे, खाडा तसाच आहे. मुकादमाला कोणी नोटीस बजावली नाही, आणि साखर कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीतच, ते मुकादमाचे. ठेकेदारीतल्या आपल्या सफाई कामगारांबद्दल रेल्वे प्रशासन जे म्हणते तेच हे. म्हणून बातमीला बक्षीस देऊन परीक्षकांनी घरी जाऊ नये असे आम्हाला वाटते. वर्षाने परत यावे आणि पाहावे, ज्याचा दोष दाखवला तो कुठे आहे? जागेवरच आहे की बढतीवर गेला?

याच कारणाने आमची एक सूचना आहे. आपल्या महासंघाने स्वतःचा एक पुरस्कार सुरू करावा. रक्कम मोठी नको. सभासदामागे वर्षाला पाच रुपये जमले तरी पुरे. तो तालुका आणि जिल्हा पातळीच्या वार्ताहरालाच द्यावा, भाषा कोणतीही असो, विषय दोनच, आरोग्य आणि शेती. मंत्री, साहेब, औषध कंपनी, बियाणे कंपनी, कोणाचाही एक पैसा त्यात नसावा आणि व्यासपीठावर त्यांच्यापैकी कोणी नसावे. अर्धी रक्कम लगेच द्यावी. उरलेली अर्धी वर्षाने, त्याच वार्ताहराला त्याच प्रकरणाचा पुढचा माग काढण्यासाठी. आणि त्याच्यावर खटला झाला, धमकी आली, तर महासंघाच्या वकिलाने उभे राहावे. आमच्या मते या शेवटच्या अटीचे मोल रकमेपेक्षा जास्त आहे.

काही जण विचारतील, महागाई भत्ता, जुनी पेन्शन, रिक्त जागा हे सोडून युनियनने हे उद्योग कशाला करायचे? आम्ही त्यांना रायपूर विभागातल्या दल्लीराजहराला घेऊन जाऊ. तिथल्या खाण कामगारांच्या संघटनेने शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल सुरू केले. नियोगींचा १९९१ च्या सप्टेंबरात भिलाईत खून झाला, हॉस्पिटल चालू राहिले. वेतनाच्या लढ्याइतकाच आजाराचा प्रश्न कामगाराचा आहे हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखले. आणि आपल्यातले किती जण शेतकऱ्यांची मुले आहेत? गँगमनची बायको बाळंतपणाला गावी जाते, ती कुठल्या दवाखान्यात जाते? ग्रामीण डाक सेवक ज्या वाड्यावस्त्यांत टपाल वाटतो, तिथला नर्सिंग होमवाला कोणाला पिशवी काढायला सांगतो हे त्याला वार्ताहराच्या आधी कळते. धान खरेदी केंद्रावर तोलाईत काय चालते हे मालधक्क्यावरच्या आपल्या माणसाला दिसते. आपल्यावर सेवेचे नियम आहेत, ते आम्ही जाणतो. सरकारी कागद कोणी बाहेर नेऊ नये. पण आपल्या गावात आपण नागरिक आहोत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून देणे, पोस्टल ऑर्डर काढून देणे, पोचपावती जपून ठेवायला शिकवणे यात कोणता नियम मोडतो? रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळले, खर्चही वाढला. गरिबाच्या हातातली पोचपावती महाग झाली, हाही टपाल साथींनी लावून धरण्याचा मुद्दा आहे.

पुरस्काराची ही सूचना आमची शाखा येत्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडणार आहे. इतर शाखांनीही मांडावी. ज्यांच्या तालुक्यात असा एखादा वार्ताहर असेल त्यांनी त्याची कात्रणे शाखा चिटणिसांमार्फत पाठवावीत, पण त्याची परवानगी घेऊनच. नाव छापल्याने त्याला त्रास होणार असेल तर नाव कळवू नये, नुसते कात्रण पाठवावे. कात्रणाच्या मागे वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख तेवढी लिहावी.